नूरबानोचा रोजा आणि माझा घास

मित्रांनो, मी रोह्याची एक म्हातारी मांजर आहे. नाव मखमल, आता अंगावर मखमल फारशी उरलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

मासळी बाजारात बर्फाच्या रिकाम्या पेटीत माझा जन्म झाला. मासळी विकणाऱ्या इंदुबाईने मला पदरात गुंडाळून शेजारच्या नूरबानोला दिलं. नूरबानोचा नवरा ताजुद्दीन आखातात नोकरीला. घरी ती आणि मुलगी जिकरा. त्यांच्या तांदळाच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती. मी पहारा धरला आणि उंदरांनी घर सोडलं. "आमची मखमल म्हणजे वाघीण हाय," असं ताजुद्दीन फोनवर सगळ्यांना सांगायचा.

मग वय झालं. मी घटाघटा पाणी प्यायचे, तरी वाळत चालले. गाद्या ओल्या होऊ लागल्या. पाहुणे नाक मुरडत. "धाटावच्या रस्त्याला सोडून ये," असंही कुणीतरी म्हणालं. नूरबानोने मला टोपलीत घातलं, पण एसटीने नेलं ते पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे. मला मधुमेह निघाला. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन आलं.

सुई दिसली की नूरबानोला घाम फुटायचा. तिला स्वतःला टोचायचं तर ती भिंतीकडे तोंड करायची. पण माझ्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, की तिचा हात जरासुद्धा हलायचा नाही. हे तिला कसं जमतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

यंदा रमजानात मी खाणंच टाकलं. अन्नाच्या वासानेच मी तोंड फिरवायचे. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सलाईन लावलं आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उपाशीपोटी इंजेक्शन दिलं तर साखर एकदम उतरेल. मला विचारल्याशिवाय टोचू नका. पण असंच राहिलं तर ही वाचायची नाही. हिने खायला हवं."

घरी येताच मी खाटेखाली शिरले. नूरबानोचे गुडघे दुखरे, तरी ती फरशीवर पालथी पडली आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. इंदुबाई खाडीतली ताजी बोय मासळी घेऊन आली. "बिनमिठाची उकड गो. कोमट पाणी बोटाला लावून धर. जबरदस्ती नको करू."

नूरबानोने मासा उकडला. तिचा रोजा होता. दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नव्हता. माशाच्या पाण्यात भिजलेलं बोट तिने पुन्हा पालथी पडून माझ्यापुढे धरलं. मित्रांनो, मी जनावर. भूक लागली आणि अन्न दिसलं की तोंड घालायचं, एवढंच मला ठाऊक. इथे भुकेलेली बाई हातात अन्न घेऊन मलाच विनवत होती, "खा गो माझी बाय, एवढंसं खा." मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. तिचं बोट मागे जात नव्हतं.

मशिदीतून अजान ऐकू आली. जिकरा खजूर घेऊन धावत आली. "अम्मी, अजान झाली गो. रोजा सोड."

तेवढ्यात मी त्या बोटाला जीभ लावली.

"हलू नको!" नूरबानो पुटपुटली. "खाते हाय ती."

जिकराने वाकून तो खजूर आईच्या तोंडात घातला. नूरबानोच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडत होतं, आणि आम्ही दोघी खात होतो.

मधुमेह अजून आहेच, सुईही आहे. पण मी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मुकं जनावर ताटलीपासून तोंड फिरवू लागलं, तर "नखरे करतंय" म्हणू नका. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि घरी आणलंत, की थोडा वेळ त्याच्याजवळ खाली, फरशीवर बसा.