खडूचे हजार ठिपके

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तुमच्या रविवारच्या मराठी वर्गात खिडकीपाशी जे टेबल आहे, त्यावर मी असते. माझे झाकण काढलेले आहे, म्हणून आतली चकचकीत चकती उघडी दिसते. तुमच्यापैकी पुष्कळजण तिच्यात तोंड बघतात, केस सारखे करतात. तनया तर मागच्या रविवारी जीभ काढून दाखवत होती. दाखवा, मित्रांनो, मला राग नाही. पण या आरशावर एकेकाळी काय लिहिले होते, आणि ते लिहिताना मी कोणती चूक करत होते, ते आज सांगते. चूक लपवत नाही, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय तिच्यामुळेच मिळाला.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. कामगार डोळे सोडून सगळे अंग झाकून घेत. तिथून जहाजाने मी चेन्नईच्या बंदरात उतरले आणि रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानात बरेच दिवस खोक्यात पडून राहिले. ते २००४ साल होते. माझ्या पोटात चाळीस जीबी मावत. आज तुम्ही हसाल, पण तेव्हा मला त्याचा फार तोरा होता. एखाद्या बँकेत किंवा मोठ्या कचेरीत मानाची जागा मिळेल, असे मी धरून चालले होते. मिळाली वेस्ट मांबलममधल्या दोन खोल्यांत. खाली सुंदर नावाच्या माणसाचे इडलीच्या पिठाचे दुकान, आणि वर गुंडोरावांची कचेरी.

गुंडोराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले, आणि त्यांच्या घरातली मराठीही त्या काळातलीच राहिली. मधल्या वर्षांत तमिळ तिच्यात पाय पसरून बसली, एवढेच. त्यांच्या जोडीला कराडहून आलेली अदिती नावाची इंजिनिअर होती. दोघे मिळून ‘जोडवही’ नावाचे सॉफ्टवेअर तयार करत होते. संगणकावर तुम्ही काही साठवले, की जोडवही ते एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणार. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळे शाबूत. ऐकायला सोपे आहे ना? करायला दोन वर्षे लागली होती.

माझे काम मार खाण्याचे होते. माझ्यावर भराभर लिहिणे सुरू असताना अदिती संगणकाचा प्लग ओढून काढी. सगळे अंधारे होई, माझी चकती घरघरत थांबे. पुन्हा वीज आली, की जोडवही मला आणि माझ्या जोडीच्या दुसऱ्या डिस्कला तपासून बघे आणि अर्धवट राहिलेले नीट करी. सगळे जुळले, तर गुंडोराव फळ्यावर खडूने एक ठिपका काढत. दारापुढे कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, घालताना ठिपके मांडतात, तसे अगदी ओळीत. एकही चूक न होता हजार ठिपके भरले, की फायनल आवृत्ती लोकांना द्यायची, हा त्यांचा नियम होता. मध्ये एकदा जरी चूक झाली, तरी फळा पुसायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

असा फळा दोनदा पुसला गेला होता. चूक का झाली, ते कोणाला कळत नव्हते.

आणि इथे, मित्रांनो, गुंडोरावांचे एक चुकले. त्यांनी लोकांना तारखा दिल्या. आधी संकेतस्थळावर लिहिले, ‘दीपावलीला फायनल’. मग ‘पोंगलला’. मग ‘चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी’, म्हणजे तमिळ नववर्षाला. प्रत्येक तारीख ओलांडून गेली. तोवर लोकांकडे चाचणीची आवृत्ती होती, आणि ती सुरू केली की आधी इशारा येई, ‘मोलाच्या कामासाठी वापरू नये’.

लोक चिडले. का नाही चिडणार? अदिती सकाळी पत्रे वाचून दाखवी.

“हे अंबत्तूरच्या कारखान्यातून. म्हणतात, हत्तिणीचं पिल्लूसुद्धा बावीस महिन्यांत येतं, तुमचं काय अडलंय?”

“लिही, पुढल्या पंधरवड्यांत.”

“सर, हे तुम्ही मागच्या पंधरवड्यातही लिहायला लावलं होतं.”

“अय्यो. मग लिही, लौकरच.”

मी टेबलावरून ऐके आणि मनात म्हणे, माझा यात काय दोष? मी किती चपळ! अदिती माझी नेहमी स्तुती करी. ‘लिही’ म्हटले की मी क्षणात ‘झाले’ म्हणून मोकळी होत असे. खरे सांगू? तेव्हा ते झालेले नसे. आम्हा डिस्कच्या अंगात एक लहानशी ओटी असते. आलेला मजकूर मी आधी त्या ओटीत घेई, लगेच ‘झाले’ म्हणून टाकी, आणि चकतीवर मागाहून सावकाश उतरवी. माझ्या सगळ्या बहिणी हेच करत. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मे महिना उजाडला. अग्निनक्षत्राचे, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचे ऊन जिन्यापर्यंत आले होते. अशा एका दुपारी साडेतीनच्या सुमारास एक बाई जिना चढून आल्या. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. त्या म्हणजे तुम्हाला इथे शिकवणाऱ्या रत्नप्रभाबाई. तेव्हा त्या रेल्वेच्या सिग्नल खात्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

“गुंडोराव कोण?”

“मीच, अक्का. येवा, बसा. काप्पी घेतां?”

“मला कॉफी नको, मला फायनल पाहिजे.”

गुंडोराव हात चोळत उभे राहिले. बाई थांबल्या नाहीत.

“आधी दिवाळी, मग पोंगल, मग चित्तिरै. अहो, गाडीला चार तास उशीर असला तर आम्ही फलकावर चार तास लिहायचो. तुम्ही सात महिने ‘आत्ता येतेय’ लिहिताय!”

“पण बाई, चाचणीची आवृत्ती चालते की,” अदिती म्हणाली. “बाकीचे सगळे वापरतात.”

“तिच्यावर इशारा कोणी लिहिला, मी? बत्तीस वर्षं सिग्नल खात्यात काढली. सिग्नल नसताना गाडी पुढे काढायची सवय नाही मला.”

गुंडोरावांनी डब्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे दुसरी प्रत नाहीं तुमच्यापाशी?”

“नाही. हाताने एकदा प्रत केली होती, तर नव्यावर जुनं उतरवून बसले आणि नऊ गाणी गेली. म्हणून तुमच्यासाठी थांबले. आणि आता हे बघा.”

बाईंनी डबा उघडला. आत एक डिस्क होती, माझ्याहून वयाने मोठी. तिच्यात दोनशे बारा ध्वनिमुद्रणे होती. बाईंनी तंजावर, कुंभकोणम, मांबलम असे ठिकठिकाणी फिरून म्हाताऱ्या मराठी बायकांचे आवाज त्यात साठवले होते. गाणी, पाककृती, भांडणे, नवस, सगळे त्यांच्या जुन्या बोलीत. त्यातल्या कितीतरी बायका आता हयात नव्हत्या. अदितीने तिला क्षणभर वीज दिली. टक्... टक्... टक्. मी तो आवाज ओळखला. ती डिस्क आता एकदाच अखेरपर्यंत वाचता येणार होती. दुसऱ्यांदा तिच्यात बळ उरणार नव्हते.

“आत्ताच्या आत्ता उतरवून द्या,” बाई म्हणाल्या.

“नाहीं, अक्का.” गुंडोरावांनी तिची वीज काढली. “आमची वही दोनदां चुकली आहे, आणि कां, ते ठाऊक नाहीं. ही एकदांच वाचूं देईल. त्या एकदांत वही चुकली, तर मी कोणत्या तोंडानें उभा राहूं?”

“मग कारण शोधा. मी बसलेय इथे.”

चाचणी पुढे सुरू झाली. फळ्यावर आठशे एकसष्ट ठिपके होते. घड्याळात चार वाजले. गुंडोरावांनी दाराकडे पाहिले, मग अदितीकडे.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

“चार वाजले, बाई. सर रोज चारला काम थांबवून कोपऱ्यावर कॉफीला जातात. मीही जाते.”

“आज नाही जायचं. सात महिने मी थांबले, एक दिवस कॉफी थांबेल.”

गुंडोराव मुकाट्याने बसले. बरोबर सव्वाचारला खाली सुंदरने संध्याकाळच्या पिठासाठी आपले तिन्ही मोठे ग्राइंडर एकदम लावले. वरची ट्यूबलाइट मिचकली. माझ्या डोक्यात एक भोवळ आली आणि गेली. संगणक बंद पडला नाही. पण माझ्या ओटीत जे होते, ते सांडून गेले, आणि मी तर आधीच ‘झाले’ म्हणून बसले होते!

“सर, जुळत नाहीये,” अदिती हळूच म्हणाली.

गुंडोराव जड पावलांनी फळ्याकडे गेले आणि त्यांनी फडके उचलले.

“थांबा!” बाई कडाडल्या. “पुसायचं नाही. दिवा का मिचकला?”

“तो सुंदर ग्राइंडर लावतो, अक्का. रोजचेंच आहे.”

“रोज? मग याआधीच्या दोन चुका किती वाजता झाल्या? नोंद आहे?”

अदितीने संगणकात शोधले. तिचा आवाज बदलला. “चार सतरा. आणि... चार सोळा.”

“त्या दोन दिवशी तुम्ही कॉफीला का नव्हता गेलात?”

गुंडोराव आठवू लागले. “एकदां दुकानांत दूध नासलें होतें. आणि एकदां डॉक्टर बोलले, काप्पी सोडा. एक दिवस सोडलों.”

मग बाई हसू लागल्या. “अहो, जी वेळ धोक्याची, नेमकी त्याच वेळी तुम्ही रोज बाहेर! सिग्नलमन रोज गाडी यायच्या वेळी चहाला जावा, तसं झालं हे.”

मग सगळा उलगडा झाला. प्लग ओढला, की संगणकही बंद पडतो आणि जोडवही परत येऊन तपासते. पण वीज क्षणभर अडखळली, तर भोवळ फक्त मला येते. संगणक जागाच असतो आणि माझ्या ‘झाले’वर विश्वास ठेवून पुढे जातो. मित्रांनो, मला त्या दिवशी फार लाज वाटली. ज्या चपळपणाची स्तुती ऐकून मी फुगले होते, तो नुसता माझ्या तोंडाचा चपळपणा होता.

अदितीने आठवडाभर खपून जोडवहीला नवी शिस्त लावली. आधी ओटी रिकामी करायला सांगायचे, आणि मग लिहिलेले परत वाचून घ्यायचे. शुद्धलेखन घातल्यावर बाई तुमच्याकडून वाचून घेतात, तसेच. मी थोडी सावकाश झाले, पण माझे ‘झाले’ खरे झाले.

गुंडोरावांनीही एक काम केले. संकेतस्थळावरची तारीख काढली आणि लिहिले, ‘आम्ही तारखा देऊन चुकलो. दोष कुठे होता ते सापडले आहे. हजार चाचण्या पुन्हा करत आहोत. आज झाल्या: चाळीस. तोवर आपल्या मोलाच्या गोष्टींची दुसरी प्रत हाताने करून ठेवा.’ आणि रोज तो आकडा खरा लिहू लागले.

गंमत बघा. फायनल अजून आलेली नव्हती, पण शिव्या थांबल्या. फोन येत, ते निराळेच. श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीच्या बसमधून अरुण नावाचा गिऱ्हाईक रोज विचारी, “आज किती?” अदिती सांगे, “पाचशे साठ, नाबाद!” अंबत्तूरच्या हत्तीवाल्यांनी तर नव्वदीत सांभाळून खेळायचा सल्ला दिला. सुंदर आता ग्राइंडर लावण्याआधी खालून हाक मारी, “सार, लावू का?” कारण चारची कॉफी आता वरच येई, आणि सव्वाचारची चाचणी कोणी चुकवत नसे.

जूनच्या एका सकाळी नऊशे नव्याण्णव ठिपके भरले. हजाराव्यांदा प्लग ओढायला रत्नप्रभाबाईंना बोलावले होते. त्यांनी पदर खोचला आणि एका झटक्यात ओढला. वीज परत आली. अदितीने तपासले, दोनदा तपासले, आणि ओरडली, “जुळलं!” गुंडोरावांच्या हातातला खडू ठिपका काढताना मोडला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. बाईंच्या डिस्कमधले आवाज दोन डिस्कवर उतरवायचे होते. एक कोरी करकरीत आणली होती. दुसरी कोणती? बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

“ही? अक्का, हिनें हजारवार मार खाल्ला आहे!”

“म्हणूनच. हिला खोटं बोलताना पकडलंय आपण. आता ही बोलणार नाही.”

म्हातारी डिस्क टक् टक् करत एकेक आवाज देऊ लागली, आणि आम्ही दोघी घेऊ लागलो. घेतले, लिहिले, परत वाचून दाखवले. सव्वाचारला हाक मारायचे विसरून सुंदरने तिन्ही ग्राइंडर लावले. दिवा मिचकला, मला भोवळ आली, ओटीतले सांडले. पण या वेळी मी ‘झाले’ म्हटलेले नव्हते. जोडवहीने ते पुन्हा दिले, मी पुन्हा लिहिले. दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे बारावे माझ्या चकतीवर उतरले, आणि म्हातारी डिस्क एकदा घरघरून कायमची शांत झाली.

“लावा बघू शेवटचं,” बाई म्हणाल्या. खोलीत एक खणखणीत आवाज उठला. मागल्या वर्षी गेलेल्या विमलाबाई डांगर पचडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, कशी करतात ते सांगत होत्या आणि मध्येच बाईंना दटावत होत्या, “हें काय तोंडापुढें धरलीस? आधी जेव, मग सांगतें!” गुंडोराव तोंडावर उपरणे धरून हसत होते, की रडत होते, ते मला कळले नाही. बोली त्यांच्या आजीची होती. त्याच संध्याकाळी त्यांनी फायनल आवृत्ती सोडली. ती चालू करताना पुन्हा कोणाला तो इशारा दिसला नाही.

मी पुढे सहा वर्षे ते आवाज सांभाळले आणि एकही गमावला नाही. मग थकले. माझ्या जागी नवी डिस्क आली. बाईंनी मला फेकू दिले नाही, झाकण काढून इथे आणून ठेवले. तुम्ही वर्गात विमलाबाईंची पचडी ऐकून हसता ना, तेव्हा माझ्या रिकाम्या चकतीवरही ऊन चमकते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे फोटो असतील, आजोबांचा आवाज असेल. कोणाच्या तारखेची वाट बघत बसू नका, त्याची दुसरी प्रत आजच करा. कोणी तुमची वाट बघत असेल, तर त्याला गोड तारीख देऊ नका, जे खरे असेल ते सांगा. आणि माझ्यासारखे घाईने ‘झाले’ म्हणू नका.

आता वर्ग सुटेल. जाताना माझ्याजवळची खिडकी लावून घ्या, धूळ येते. आणि लावली असे बाईंना सांगण्याआधी एकदा मागे वळून बघा, खरेच लागली आहे ना.