तुलसाची हिरवी पट्टी

मुर्रीच्या लक्ष्मीचंद पटलेचा युरियावर फार जीव. शेजारच्या सुखरामने बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात, एक पोतं टाकलं की हा दीड टाकणार. रस्त्याने जाणाऱ्याने थांबून "वा, काय काळंभोर धान!" म्हणावं, एवढीच त्याची हौस.

२००८ च्या पावसाळ्यात कृषी सहायकाने गावात सभा घेतली आणि प्लास्टिकच्या पट्ट्या वाटल्या. पट्टीवर फिकटापासून गडदापर्यंत हिरव्या छटा होत्या. धानाचं पान तिच्यावर ठेवायचं. ठरलेल्या छटेपेक्षा फिकं दिसलं तरच युरिया द्यायचा, नाहीतर नाही.

घरी येऊन लक्ष्मीचंदने पट्टी बायकोपुढे टाकली. "हे घे. आता धानाले विचारून खत टाकायचा म्हन्ते."

"मंग विचारा ना. मले तरी कुठं विचारता तुमी?" तुलसा म्हणाली.

विहिरीजवळची एक बांधी तिने मागून घेतली. "इथं तुमी हात नाही लावायचा जी."

दर आठवड्याला ती सकाळीच चिखलात उतरे, पानावर स्वतःची सावली धरून रंग ताडून पाही आणि बहुतेक वेळा खत न टाकताच परत येई. लक्ष्मीचंदला चैन पडेना. सगळं शेत गडद आणि मधेच ही पोपटी बांधी! त्यात सुखराम दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून ओरडला, "काऊन भाऊ, युरिया सरला का?"

हे त्याच्या जिव्हारी लागलं. श्रावणातल्या सोमवारी तुलसा नागरा गावच्या देवळात गेली, तशी त्याने तिच्या बांधीत घमेलंभर युरिया फेकून दिला.

पुढच्या खेपेला तुलसा पट्टी घेऊन बांधीत उतरली आणि जागीच थांबली.

"अजी, इकडे या. माह्या बांधीत कोन गेला होता?"

"मले काय मालूम?"

"धुऱ्याजवळचं पान गडद, मधातलं फिकं. युरिया आपल्या पायानं चालत आला का?"

लक्ष्मीचंद ओशाळला. "सुखराम हासून राहिला होता ना..."

"हासू द्या त्याले!" म्हणत तिलाच हसू फुटलं. तिने पट्टी त्याच्या हातात दिली. "आता तुमीच पाहा. हे पान कोन्त्या रंगाचं?"

दोघं पानापानावर भांडत ऊन चढेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग लक्ष्मीचंद आपल्या बांधीत गेला. तिथलं एकेक पान पट्टीवरच्या सगळ्यात गडद छटेहूनही गडद निघालं. उरलेलं युरियाचं पोतं त्याने परत कोठ्यात नेऊन ठेवलं.

तरी उशीर झालाच होता. दिवाळीआधीच्या वाऱ्यापावसात त्याचं माजलेलं धान बरंचसं लोळलं, वर तुडतुडेही आले. तुलसाची बांधी मात्र ताठ उभी. धुऱ्याजवळचा, त्याने युरिया फेकलेला तुकडा तेवढा वाकला होता. सुखराम येऊन बराच वेळ पाहत राहिला.

"वहिनी, एक दिवस पट्टी देता का?"

"देतो ना भाऊजी. पन पान सावलीत पाहाजा."

पुढच्या वर्षी सभेला लक्ष्मीचंद सगळ्यांच्या आधी हजर. त्याने कृषी सहायकाकडे आणखी एक पट्टी मागितली.

"पहिली हरवली का?"

"नाही जी. एका पट्टीवर आमचा दोघायचा जमून नाही राहिला."