पवळी विचारात आहे

मित्रांनो, माझ्यामुळे एक गाय मरणाच्या दारात जाऊन आली, हे आधीच सांगून टाकतो. मी विषारी पाला नाही, साप नाही, भरधाव ट्रकही नाही. मी एक जुना शब्द आहे, इंग्रजीतला. माझं नाव रूमिनेट. कागदावर गुपचूप पडून राहणाऱ्या शब्दाच्या हातून असं काही घडेल यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. तो दिवस आठवला की अजून मला धडकी भरते.

माझं घराणं लॅटिन. रोमन लोक घशाला आणि गुरांच्या पहिल्या पोटाला रूमेन म्हणत. गाय चारा भराभर गिळते, त्या पोटात साठवते आणि मग निवांत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणून चावत राहते. हे चावणं म्हणजे मी. चावणाऱ्या गाईचे अर्धवट मिटलेले डोळे पाहून कुणाला तरी विचारात बुडालेला माणूस आठवला असावा. कारण त्या लोकांनी मलाच दोघांनाही लावून टाकलं. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी मी इंग्रजीत आलो तो हे दोन्ही अर्थ घेऊनच.

माझे कौतुकाचे दिवसही होते. ख्रिस्ती मठांतले साधू धर्मग्रंथातलं एकेक वाक्य दिवसभर मनात घोळवत आणि त्या घोळवण्याला माझ्या घराण्याचं नाव देत. पुढे विद्वानांच्या पुस्तकांत मला मानाची जागा मिळाली आणि मी चढेल झालो. अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणून पहिला अर्थ लपवायला लागलो. मग मानसशास्त्रवाल्यांनी मला धरलं आणि तीच ती काळजी रात्रंदिवस डोक्यात फिरवणाऱ्या माणसांना चिकटवून दिलं. साधूंच्या ओठांवरून मी थेट आजाऱ्यांच्या केसपेपरवर येऊन पडलो.

तुमच्या मराठीत माझंच काम करणारा एक शब्द आहे, रवंथ. संस्कृतातल्या रोमंथाचा हा मुलगा. 'किती रवंथ करशील त्याच गोष्टीचा?' असं तुमची आईही म्हणते आणि 'म्हैस रवंथ करतेय' असं गवळीही म्हणतो. पण त्याने गोठा कधी सोडला नाही. मी त्याला गावठी समजत होतो. एका दिवसात माझी सगळी घमेंड उतरली.

अंबरनाथमध्ये हिमानी नावाची गुरांची डॉक्टर आहे. हुशार आहे, मनाने चांगली आहे, पण शिक्षण सगळं इंग्रजीत. मराठीत टाइप करायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. म्हणून तिने पाच प्रश्न इंग्रजीत लिहून फोनमध्ये ठेवले होते. कुणीही गुराची तक्रार कळवली की आधी ते पाच प्रश्न पाठवायचे. ताप किती, चारा खाते का, शेण कसं आहे, दूध किती देते, आणि पाचवा प्रश्न, ज्यात मी होतो. रूमिनेट करते का?

बदलापूरजवळच्या चामटोलीत महिपती आणि विठाबाई हे शेतकरी जोडपं राहतं. त्यांची गाय पवळी. पवळी तीन दिवसांची असताना तिची आई गेली, तेव्हा विठाबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. घरात सून आहे, स्वप्नाली. उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागातल्या कारखान्यांतून तिच्याकडे जीन्सचे गठ्ठे येतात आणि शिलाईचे लोंबते धागे ती घरी बसून कापते. बारावी शिकलेली, म्हणून घरातला मोबाइल तिच्याच हातात.

त्या सकाळी पवळीने चाऱ्याला तोंड लावलं नाही. महिपती भाजी घेऊन बदलापूरला गेले होते. स्वप्नालीने डॉक्टरीणबाईंना कळवलं आणि दोन मिनिटांत पाच प्रश्न आले. मी जिथे लिहिला जातो तिथे हजर असतो, त्यामुळे हे सगळं मी त्या फोनच्या आतून पाहत होतो. चार प्रश्न स्वप्नालीला कळले. पाचव्यापाशी ती अडली, तशी तिने मोबाइललाच मराठीत अर्थ विचारला.

"आई, मॅडम विचारतायत, गाय विचारमग्न आहे का?"

मी हादरलो. माझे दोन अर्थ, आणि त्या यंत्राने नेमका नको तो उचलला होता!

"गाय इचारात हाय का?" विठाबाई हसायलाच लागल्या. "शिकलेल्या मानसांचा पन काय सांगू बाय!" मग त्यांनी गोठ्यात डोकावून पाहिलं. पवळी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. डोळे एका जागी लागलेले, कान पडलेले. विठाबाईंचं हसू मावळलं.

"तशी हाय खरी. सकालपासून कसल्या तरी इचारात हाय. सांग त्यांना, हाय म्हून."

स्वप्नालीने मलाच उचललं आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'येस मॅडम, सकाळपासून खूप रूमिनेट करते.'

मित्रांनो, शब्दाला गळा असता तर मी किंचाळलो असतो. मी तसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, चामटोलीहून अंबरनाथला पोचलो. इथून निघताना माझा अर्थ होता आजाराचा आणि तिथे उतरलो तेव्हा झाला तब्येतीचा! हिमानीने मला वाचलं आणि सुटकेचा श्वास टाकला. जी गाय रवंथ करते तिचं पोट चालू आहे, असं कुठलाही डॉक्टर समजणार. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, 'घाबरू नका. साधं अपचन दिसतंय. उद्या सकाळी येते.'

आणि तीही निर्धास्त, ह्याही निर्धास्त. इकडे पवळीचं पोट तासातासाने फुगत होतं. विठाबाई तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होत्या, "कर बाय, कर इचार. उद्या डॉक्टरीन येनार हाय." हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिपती दुपारी एकला परतले. पायही न धुता गोठ्यात शिरले आणि त्यांनी पवळीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"हिचा पोट दगड झालाय. सकालपासून रवंथ केला का हिनं?"

"नाय," विठाबाई म्हणाल्या, "तोंडच हललं नाय."

"मंग डॉक्टरीनबाईला बोलली नाय?"

"तिनं इचारलंच कुठं? ती इचारत व्हती, गाय इचार करते का म्हून."

स्वप्नालीने तडक फोन लावला. पलीकडून हिमानी गोंधळून म्हणाली, "पण सकाळी तुम्हीच लिहिलंत ना, खूप रूमिनेट करते म्हणून?"

"हो मॅडम. म्हणजे विचारात आहे. मोबाइलने तसंच सांगितलं."



"अगं देवा," हिमानी म्हणाली, "मी रवंथ विचारत होते!"

अर्ध्या-पाऊण तासात ती हत्यारांची पेटी घेऊन अंगणात हजर झाली. पवळीला उभ्यानेच बांधलं, डावी कूस बधिर केली आणि कापून कोटीपोट उघडलं. कोटीपोट म्हणजे तेच पहिलं पोट, माझं मूळ घर. महिपतींनी दावं धरलं होतं, विठाबाई पवळीच्या तोंडाशी बसून तिच्याशी बोलत होत्या, स्वप्नाली गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. हिमानीचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आली प्लास्टिकची पिशवी. तिला गुंडाळलेला, ओला, काळानिळा धाग्यांचा हा एवढा गोळा. नारळाएवढा!

स्वप्नालीच्या हातातली बादली खाली पडली. "हे माझे धागे आहेत," ती म्हणाली. कापलेले धागे पिशवीत भरून, त्यातच शिळ्या भाकरीचे तुकडे टाकून ती उकिरड्यावर फेकत आली होती. कोण कशाला पाहतंय तिकडे! भाकरीच्या वासाने पवळी सगळंच गिळत आली होती. स्वप्नालीला कुणी रागावलं नाही. रागावण्याइतकं भानच कुणाला नव्हतं.

हिमानीने टाके घातले. मग ती हात धुवायला बसली. "मी उद्या सकाळी आले असते तर," एवढंच बोलून ती थांबली. पुढचं विठाबाईंना कळलं आणि त्यांनी पवळीच्या गळ्याला मिठी मारली.

त्यानंतरचे तीन दिवस पवळी तगते की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. घोटभर पाणी, चार काड्या गवत, बस. चौथ्या दिवशी हिमानी ड्रेसिंग करायला आली, तर विठाबाईंनी तिला दारातच थांबवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. पवळी बसली होती. तिच्या गळ्यातून एक घास वर सरकला आणि तोंड हलायला लागलं. डावीकडून उजवीकडे, संथपणे. हिमानी उभ्या उभ्या मोजत होती. पन्नासच्या वर चावे झाले, पवळीने घास गिळला, दुसरा वर आला. तेव्हा हिमानी रडायला लागली.

विठाबाईंनी तिला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "बाय, तुझ्या त्या इंग्लिश शब्दाचा अर्थ तरी काय?"

हिमानीने पवळीच्या हलणाऱ्या तोंडाकडे बोट दाखवलं. "हाच, मावशी."

विठाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मंग असा बोलायचा व्हता ना."

त्या बाईच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. नुसतं नवल होतं, की एवढं साधं बोलायचं, आणि तेच राहून गेलं. हिमानीने तिथेच फोन काढला, पाचव्या प्रश्नातून मला खोडलं आणि अडखळत अडखळत मराठीत लिहिलं, 'गाय रवंथ करते का?'

मित्रांनो, मोठे शब्द वापरूच नका असं मी म्हणणार नाही. मग माझं कसं व्हायचं? पण समोरच्याचं काही पणाला लागलं असेल तेव्हा त्याच्या घरात नांदणारा शब्द शोधा. आणि तुम्हालाच कुणी न कळणारं विचारलं, तर 'हो' म्हणण्याआधी 'म्हणजे काय?' एवढं विचारायला लाजू नका. पवळीच्या डाव्या कुशीवर वीतभर लांब टाक्यांचा व्रण आहे. बघणारे म्हणतात, तो प्लास्टिकचा. अर्धा माझा आहे.