जाळ्यातलं शिसं

हर्षदानं करडा पत्रा पुन्हा खाचेत उभा केला आणि काउंटरचं बटण दाबलं. टिकटिक काही कमी होईना. पलीकडं किरणं सोडणारी बटणाएवढी चकती, अलीकडं ती मोजणारी नळी, मध्ये पत्रा. पितळेनंसुद्धा जरा अडवली होती. शिशानं तर सगळ्यांत जास्त अडवायला हवी होती.

"शिसं असून आकडा तेवढाच?" सर म्हणाले. "मोजायचा कंटाळा आला की मनाचे आकडे लिहायचे. उद्या नीट रीडिंग आलं नाही तर जर्नलवर सही नाही. मग परीक्षेला बसू नकोस."

पोरगी मांडवगण फराट्याहून एसटीनं यायची. तिनं मान खाली घातली.

प्रयोगशाळेचा शिपाई भैरू कपाटाशी एकच बाटली पुसत राहिला. तो पत्रा शिशाचा नव्हताच. जुनं पिंप कापून भैरूनंच त्याला रंग दिला होता. खरं शिसं दिवाळीच्या सुट्टीत वडगाव रासाईला गेलं. मेहुणा ज्ञानू भीमेत जाळं टाकायचा, आणि जाळं बुडायला वजनं लागतात. खोक्यात धूळ खात पडलेला तुकडा कुणाला आठवतोय, असं भैरूला वाटलं होतं. ज्ञानूनं त्याच्या पट्ट्या कापून जाळ्याच्या कडेला गुंडाळल्या. त्या जाळ्यातली मासळी भैरूनं चवीनं खाल्ली होती. आता एक शब्द बोलला तर नोकरी जाणार.

संध्याकाळी त्यानं नदी गाठली.

"दाजी, दिलेली वस्तू माघारी नेत्यात व्हय?" ज्ञानू म्हणाला. "आन् जाळं काय बहिणीच्या जोडव्यांनी बुडवू?"

भैरूनं जाळं पुढ्यात ओढलं. एकेक पट्टी उकलली, दगडावर ठोकून सरळ केली, कडा एकमेकींत दुमडून पुन्हा ठोकल्या. परत नेऊन ठेवलं की झालं, असं प्रत्येक ठोक्याला स्वतःला बजावत राहिला.

सकाळी कोणी यायच्या आत त्यानं पत्रा बदलला.

हर्षदानं खोक्यातून तो उचलला आणि तिचा हात भारानं खाली गेला. तिनं उलटापालटा करून पाहिला. दुमडीत निळ्या नायलॉनचा धागा अडकला होता. नदीचा, मासळीचा वास येत होता. तिनं वर पाहिलं. भैरू दारात उभा होता.

धागा ओढून तिनं मुठीत घेतला आणि पत्रा खाचेत बसवला. टिकटिक एकदम मंदावली.

"बघ," सर म्हणाले. "काल लक्ष नव्हतं तुझं."

आता ही सांगणार, असं भैरूला वाटलं. तिनं सांगून टाकावं, असंही वाटलं.

"हो सर. माझं चुकलं."

सरांनी सहीसाठी पेन उघडलं. भैरूच्या छातीवर कुणी सगळं जाळं ओलंचिंब आणून टाकावं तसं झालं. तो आत आला.

"सर."

"चहा आणलास का भैरू?" सर वर न बघताच म्हणाले.

"न्हाई सर. चहाचं न्हाई."

त्यानं त्या निळ्या धाग्यासाठी हर्षदापुढं तळहात पसरला. तिनं मूठ आणखी आवळली, नको म्हणून मान किंचित हलवली. भैरूचा हात तसाच राहिला.