टोकावरचं गाव

एका बेटाच्या पार दक्षिण टोकाला, तीन हजार वर्षांपूर्वी, नऊ चुलींचं एक गाव होतं. चार वर्षं मी संगणकावर त्या बेटाचे नकाशे करतेय. चढ किती, उतार किती, चालायला वेळ किती, हे गणित मांडलं की जुन्या वाटा उमटतात. सगळ्या वाटा एकमेकींना भेटायच्या. या गावाकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. शेजारचं गाव दोन दिवसांवर.

मला ते गाव आवडायचं, खोटं कशाला बोलू! विद्यापीठात माझी खोली जिन्याखाली. तिथे फक्त झाडूवाली येते, तीही एक दिवसाआड. त्या गावाच्या एकटेपणावर मी साठ पानं लिहिली होती. ती सोमवारी द्यायची होती, त्यांवरच माझी पदवी ठरणार होती.

शुक्रवारी मामा डोळे तपासायला शहरात आला. डॉक्टरांनी दुपारची वेळ दिलेली, म्हणून माझ्याकडे येऊन बसला. त्याचा जन्म होडीत गेलेला.

“हे काय गं?”

“एकटं पडलेलं गाव. कुठेही जायचं तर दोन दिवस चालायचं.”

“चालायचं कशाला? तीन बाजूंनी पाणी आहे की. भरतीवर होडी सोडली तर जेवण गरम आहे तोवर समोरच्या बेटावर.”

“समुद्र मी बंद ठेवलाय. गणितात तसंच करतात.”

“कोण? पोहता न येणारे?”

मी चिडले. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला! समुद्र खुला केला, वारा आणि भरती त्यालाच विचारून भरली. गणित पाऊण तास चाललं. मामा खुर्चीत डुलक्या घेत होता.

वाटा उमटल्या. सात बेटांवरून अकरा वाटा निघाल्या होत्या आणि सगळ्या त्या टोकावर येऊन मिळत होत्या. तिथे रोज कुणी ना कुणी येत असणार.

पानं तपासणाऱ्या आमच्या बाईंना होड्या सुचल्या नसत्या. मी तोंड मिटून बसले असते, तर पदवी पदरात पडली असती. पण मेलेल्या माणसांबद्दल खोटं लिहायला मन होईना. मी साठ पानं पुसली आणि मामाला उठवलं.

“तुझं खरं होतं.”

“मग रडतेस कशाला, वेडे? गावाचं भलंच झालं की.”

“गावाचं झालं रे मामा. मी एकटीच राहिले.”

दवाखान्याची वेळ झाली होती, तरी तो उठला नाही.