आप्पासाहेब तळ्यात

"शेततळ्यात दोर सोडा म्हणून वरीस झालं सांगतीया मी!" द्वारकाबाई बांधावरनं कडाडल्या.

"दोर घासून तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटतो," नवरा म्हणाला. "आन् मी काय पडायला ल्हान हाय व्हय?"

मार्गशीर्षातली सकाळ. कळंबच्या शिवारात धुकं अजून डाळिंबांना लोंबत होतं. दहाला काल्याचं कीर्तन, आणि बुवांच्या मागं चाल उचलणाऱ्यांत आप्पासाहेबांचा आवाज पहिला. कडक इस्त्रीचं धोतर नेसून ते निघालेच होते. जाता जाता मोटारीच्या पाइपात अडकलेलं शेवाळ तेवढं काढावं म्हणून वाकले, ओल्या कागदावर पाय पडला आणि बसल्या बसल्या सर्रकन थेट पाण्यात!

गारठ्यानं छातीच आवळली. तीन वस्त्यांना जागं करणारा त्यांचा गळा, पण आता तोंडातनं नुसतं "हं-हं-हं!" दम आत जाईना, बाहेर येईना. काठाला हात घालावा तर कागद बुळबुळीत. चार बोटं वर, हातभर खाली.

डाळिंबं तोडणाऱ्या बायका ओरडत धावल्या. त्यांच्यातला एकुलता गडी बिरू बनियन काढून उडी टाकणार, तोच द्वारकाबाईंनी मागनं त्याचा करदोटा धरला.

"सोडा काकी, आप्पा बुडत्याती!"

"तुला पवता येतं?"

"न्हाय!"

"मग दोघांचा दहावा एकदमच घालू काय? फवारणीचा पाइप आण, पळ!"

मग त्या पाण्याकडं वळल्या. "अवो, हातपाय झाडू नका! उताणं व्हा! माझ्या टाळीवर दम घ्या. विठ्ठल... विठ्ठल..."

टाळी सावकाश पडू लागली. "वि... वि..." आप्पासाहेबांचे दात वाजत होते. पाचव्या टाळीला "ठ्ठल" बाहेर आलं. छाती मोकळी झाली, पोट वर आलं, आणि आप्पासाहेब ओंडक्यागत तरंगू लागले. उभ्या संसारात चाल द्वारकाबाईंची आणि साथ त्यांची, असं आजच घडत होतं.

बिरूनं पाइपाला रिकामा कॅन बांधून फेकला. आप्पासाहेबांनी पाइपाचा विळखा काखेखाली घेतला. बायकांनी पहिला हिसका दिला, तशी आरोळी आली, "थांबा! थांबा! धोतर!"

धोतर सुटून तळ्याच्या मधोमध बगळ्यागत पसरलं होतं. आणि आत होती ठिगळाची चड्डी.

"बायामाणसं हायत हितं!"

"जीव चाललाय आन् ह्यांना लाज सुचतीया!"

पण आप्पासाहेबांनी धोतराकडं हात टाकलाच. बोटं बधिर झालेली. विळखा सुटला, डोकं खाली गेलं, नाकात पाणी. कॅन खळबळला, आणि त्याला मिठी मारून ते खोकत वर आले.

"बायांनो, तोंडं फिरवा!" द्वारकाबाई गरजल्या.

डझनभर बायका डाळिंबांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पाइप खांद्यावर घेतला. "बोला पुंडलिक वरदाऽऽ!" म्हणत अशा निघाल्या की आप्पासाहेब पोटावर सरकत बांधावर, बांधावरनं पार पहिल्या झाडाच्या आळ्यात!

"पुरं! पुरं! उसागत कारखान्यावर नेता काय मला?"

द्वारकाबाईंनी ओलं काढून त्यांना गोधडीत गुंडाळलं. बिरू जाळ करायला धावला, तर त्याला दटावलं, "जाळ न्हाय, चोळायचं न्हाय. गारठल्यालं अंग सावकाश तापवायचं. कोमट च्या आण." मग गोधडीवरनं नवऱ्याला गच्च धरून बसल्या. डोळे भरले होते, पण हसूही आवरेना.

दोन घोट पोटात गेल्यावर आप्पासाहेबांना कंठ फुटला. "बायांनो, कुणी मागं वळून बघितलं न्हाय ना?"

"न्हाय वो आप्पा!" त्या बायकांतली रतन म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग घ्या पांडुरंगाची शपथ."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रतननं पदर तोंडात कोंबला, पाटी उचलली, आणि सगळ्याजणी लगबगीनं डाळिंबं तोडायला निघून गेल्या.