जलमंगलावरचा पोळा

आमची आरती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली त्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, अकोल्याहून पत्र आलं. नौदलात काम केलेल्यांचा मेळावा होता. ज्यानं त्यानं आपल्या जहाजाची हकीकत लिहून आणायची होती.

माझे मालक सहदेव, राहणार नांदगाव खंडेश्वर. विशीत मुंबईला जाऊन ते 'जलमंगला' या मालजहाजावर खलाशी झाले. त्या जहाजावरचं त्यांच्याशिवाय आता कोणी उरलं नव्हतं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. अक्षरं मी साठीत शिकले. ओळ वर चढायची, पण वाचता यायची.

१९६८ पासून जहाज कापसाच्या गाठी आणि गहू नेत होतं. १९७१च्या पावसाळ्यात सरकारनं ते लढाईच्या कामाला घेतलं. खलाशी तेच ठेवले. जहाजाला राखाडी रंग दिला, पुढे-मागे तोफा बसवल्या, गाठींच्या जागी शिपायांसाठी फळ्या ठोकल्या. माल उचलायचं विंच तेवढं जुनंच राहिलं. ते चालवायचं काम यांचं.

इथं ते थांबले.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं लढाई झाली, लिही."

"अन् पोळा?"

"पोळा नको लिहू, कौशल्ये. जहाजाच्या नावाले बट्टा लागते."

आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी यांनी विंचला गेरू फासला, झेंडूची माळ घातली आणि सांगितलं, "आज याले काम नाही." धक्क्यावर शिपायांच्या सामानाच्या दोनशे पेट्या पडलेल्या. कप्तान ओरडला, तरी हे हटले नाहीत. शेवटी पेट्या खांद्यावरून चढवल्या. पहिली यांनीच उचलली, शेवटचीही यांनीच. महिनाभर किनाऱ्यावर उतरायची बंदी झाली.

"अवो, पेट्या तुमीच वाह्यल्या ना? मंग लाज कायची?"

"लोक हासतीन."

"हासू द्या. मी का खोटं लिहायले शिकली काय?"

मी लिहिलं. एसटीत अकोल्यापर्यंत हे खिडकीबाहेरच पाहत बसले.

सभागृहात मी वाचायला उभी राहिले. पोळ्यापाशी आले आणि यांच्याकडे पाहिलं. मान खाली होती. मग म्हणाले, "वाच ना आता. थांबली काहून?"

वाचलं. लोक हसलेच. अध्यक्ष धर्मपालजी, नौदलातले जुने अधिकारी, उठून म्हणाले, "सहदेवभाऊ, दुसऱ्या दिवशी बैल चालला काय?"

"चालला ना साहेब! लढाई सरेपर्यंत एकदाही बसला नाही."

"मग यातलं एक अक्षर कापायचं नाही," धर्मपालजींनी सांगितलं आणि कागद मेळाव्याच्या वहीत लावून घेतला.

येताना मूर्तिजापूरच्या स्टँडवर यांनी दोनदा चहा घेतला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला पोळ्याची गोष्ट आपणहून सांगितली. पेट्या आता तीनशे झाल्या होत्या.

जलमंगला १९७९ साली पुन्हा गव्हाला लागली आणि १९८६ साली भंगारात तोडली गेली. सहदेव ११ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी घरीच वारले.